पलंग एक, माणसं दोन : गादीच्या नोंदी, सांगली

५ जानेवारी २०२५

शिवणाच्या मापवहीची मागची पानं आजपासून या कामाला.

आज रविवार, ब्लाऊजची गर्दी नाही. सकाळी उठले तेव्हा मान उजवीकडे वळतच नव्हती. हे पहाटे वाशीहून टेम्पो घेऊन आले, चार तास पडले आणि उठताना पलंगाच्या कडेला धरून उभे राहिले. चाळीस-पंचेचाळिशीतली दोन माणसं, आणि रोज सकाळी एकमेकांना हात देऊन उठवायचं! हे आता पुरे. उन्हाळ्याच्या आत गादी बदलायची, पण यावेळी घाईत नाही.

घाईची गोष्ट लिहून ठेवते. माझ्या लग्नात माहेरहून, कवठेमहांकाळहून, कापसाची डबल गादी आली होती. वडिलांनी समोर बसून भरून घेतलेली. ती ऑगस्ट २०१९ च्या पुरात गेली. गावभागातल्या आमच्या घरात पाणी आठवडाभर होतं. ओसरल्यावर ती गादी बाहेर काढायला चार माणसं लागली, इतकं पाणी प्यायली होती. त्या दिवसांत आमच्या गल्लीत प्रत्येक दारापुढे गाद्यांचे ढीग होते. तीन आठवडे जमिनीवर काढले आणि मिळाली ती, चार इंची, फोमची, स्वस्तातली गादी आणली. झोपून पाहिली नाही, विचारलं काही नाही. त्यावरच साडेपाच वर्षं झोपतोय.

ठरवलं ते असं : रोज सकाळी उठल्यावर दहा मिनिटांत दोघांच्या दुखण्याला शून्य ते दहापैकी आकडा द्यायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आज : माझी मान ७. यांची कंबर ७.

९ जानेवारी

मिरजेला जाऊन आलो. आधी डॉक्टर, मग फिजिओथेरपीच्या मॅडम. डॉक्टरांनी काय काय विचारलं ते मुद्दाम लिहिते, कारण यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं असतं तर गादीचा विषय बाजूला ठेवावा लागला असता. हाताला किंवा पायाला सतत मुंग्या येतात का, पकड सैल झाली आहे का, बटण लावताना बोटं अडखळतात का, चालताना तोल जातो का, लघवी-शौचाचा ताबा सुटतो का, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा आहे का, ताप, वजन उतरणं, पडल्या-झडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, कुठल्याही कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं. आमचं दोघांचंही सगळं ‘नाही’. हातोडीनं गुडघे-कोपरं तपासली, पाय उचलायला लावले. मी मणक्यांच्या फोटोबद्दल विचारलं. ते म्हणाले, चाळिशीनंतर झिजलेले मणके बऱ्याच जणांच्या फोटोत दिसतात, ज्यांचं काहीच दुखत नाही त्यांच्याही. आत्ता गरज नाही.

मॅडमनी मात्र अर्धा तास दिला. त्यांचं पहिलंच वाक्य मला पटलं : “गादीनं दुखणं बरं होत नाही. रात्रीचे सात तास मणक्याला विसावा मिळतो की त्रास, एवढंच गादीच्या हातात.” माझी मान दिवसा बिघडते. डोकं साधारण पाच किलोचं, ते मशीनवर पुढे झुकवून मी सात-आठ तास धरते. यांची कंबर टेम्पोच्या सीटवर आणि द्राक्षांच्या क्रेट चढवताना. ती कामं सुटणार नाहीत. मग रात्रीची भरपाई तरी नीट व्हायला हवी.

मी विचारलं, पाठीला कडक गादीच चांगली ना? आमच्याकडे सगळे तेच सांगतात. त्या म्हणाल्या, पूर्वी डॉक्टरही तेच सांगायचे. मग स्पेनमध्ये ३१३ जणांवर अभ्यास झाला. सगळे जुन्या कंबरदुखीचे. निम्म्यांना कडक गादी दिली, निम्म्यांना मध्यम कडक, आणि ९० दिवस पाहिलं. झोपल्यावरचं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि कामातली अडचण, तिन्हीत मध्यम कडक गादीवाले जास्त सुधारले. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. “पण मध्यम म्हणजे काय, ते माणसागणिक बदलतं,” असं लगेच पुढे म्हणाल्या. ५६ किलोच्या बाईला जी गादी दगडासारखी लागते, तीच ८६ किलोच्या माणसाला मऊ.

मी ५६. हे ८६. आणि पलंग एक.

परतीच्या वाटेवर मी तेच घोळवत होते. ब्लाऊज शिवताना मी खांदा, मुंढा, छाती, कंबर, बाही, दंड, पुढचा गळा, मागचा गळा सगळं मोजते. जावेचं माप जावेला चालत नाही. आणि ज्यावर आयुष्याचा तिसरा हिस्सा काढायचा ती वस्तू आपण पलंगाच्या मापानं घेतो, माणसाच्या नाही.

१२ जानेवारी

मोजमाप केलं. गादी काढून उभी केली, पलंगावर आडवी सुतळी ताणली, खाली टेप लावला. पलंगाची फळी मध्यभागी पाऊण इंच खाली! सामान ठेवायचा पेटीचा पलंग आहे, वरच्या दोन झाकणांचा जोड नेमका कमरेखाली येतो. पुरात फळी फुगली, नंतर वाळली, पण तिचा कणा गेला. वर गादीचा खड्डा वेगळा : यांच्या बाजूला सव्वा इंच, माझ्या बाजूला अर्धा. म्हणजे हे रोज दोन इंच खोल झोपतात, आणि मी रात्रभर त्या उतारावर स्वतःला धरून ठेवते. माझी उजवी बाजूच का आखडते याचं उत्तर मला सुतळीनं दिलं.

यांनी तासगावहून वजनकाटा आणला होता. खोळ काढून गादीचा फोम मोजला : ६ किलो २०० ग्रॅम. माप ७५ बाय ६० बाय ४ इंच. लेकानं हिशोब करून दिला, ते ०.२९५ घनमीटर होतं. म्हणजे घनमीटरला २१ किलो. यालाच दुकानदार ‘डेन्सिटी’ म्हणतात. रोज झोपायच्या गादीला ३२ किंवा ४० ची मागा, असं मॅडम म्हणाल्या होत्या. आणखी एक : डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. जास्त डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो. डेन्सिटी सांगते तो टिकेल किती.

१३ जानेवारी

एक गंमत वाटली म्हणून, आणि खात्री करायची म्हणूनही. यांना रात्री झोपताना भिंतीला टेकवून उंची मोजली होती, १७०.४ सेंटीमीटर. आज सकाळी उठल्या उठल्या मोजली : १७१.५. दोन मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या ओझ्यानं पाणी सोडतात आणि रात्री आडवं झाल्यावर परत शोषून घेतात. म्हणूनच सकाळी त्या फुगलेल्या, ताठ असतात आणि उठल्यावर लगेच कमरेत वाकायचं नाही, असं मॅडमनी बजावलंय. यांची सवय अशी की उठले की वाकून टेम्पोचं चाक बघायचं. आजपासून ते काम तासाभरानं.

१४ जानेवारी

संक्रांत. माझं ६, यांचं ७. वाणाच्या गडबडीत एवढंच.

२० जानेवारी

आत्यांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच : “गाद्याच नकोत. घोंगडं टाका, वर वाकळ टाका, भुईवर झोपा. आम्ही जन्म काढला.” सासूबाईंचा शब्द नुसता ऐकून सोडायचा नव्हता, करून बघायचा होता. सहा रात्री दोघंही खाली झोपलो.

यांची कंबर पहिल्या दोन दिवसांत खरंच उतरली, ७ वरून ५. मला वाटतं तो फायदा भुईचा नव्हता, खड्डा सुटल्याचा होता. चौथ्या रात्रीपासून ढुंगणाची हाडं आणि टाचा दुखायला लागल्या. हे पाठीवर झोपतात, तर कमरेखाली माझा आख्खा पंजा आरपार जात होता. म्हणजे कंबर रात्रभर अधांतरी. उठताना तर गुडघ्यावर येऊनच उठावं लागे. मी कुशीवर झोपणारी. माझा खांदा भुईत जाणार कुठे? तो तसाच वर राहायचा, मान खाली लोंबायची. पाचव्या सकाळी माझा आकडा ८.

आत्या ४४ किलोच्या, उताण्या झोपतात, भुईवर बसण्या-उठण्याची सवय हाडात मुरलेली. त्यांना ते मानवतं. त्यांचं खोटं नाही, फक्त ते त्यांचं माप आहे.

२६ जानेवारी

सुताराला बोलावून झाकणं बदलली. १८ मिलिमीटरचा, पाण्याला टिकणारा प्लाय, खाली मधोमध एक आडवी पट्टी जास्त. प्लायला बोटभर जाडीची भोकं पाडून घेतली, खालून हवा खेळावी म्हणून. कृष्णेकाठची घरं, पावसाळ्यात फरशीला ओल येते, ती गादीच्या पोटात साठते. सुतळी पुन्हा ताणली : सपाट.

गादी तीच जुनी ठेवलीय. एका वेळी एकच बदल.

२ फेब्रुवारी

आठवड्याचा हिशोब : यांची कंबर ६, ५, ५, ६, ५, ५, ५. नुसत्या फळीनं दीड-दोन आकडे. वाशीच्या फेरीनंतरचा दिवस मात्र नेहमी एकानं जास्त, तो वेगळ्या शाईनं लिहितेय. माझी मान ६ वरच.

९ फेब्रुवारी

दुकानं. सांगलीत चार, मिरजेत एक. फार लिहीत नाही, कारण पाचही ठिकाणी तोच सोहळा : गादीवर हातानं दाबून दाखवायचं, मग आपल्याला बसवायचं. गादीवर बसून काही कळत नाही. बसल्यावर सगळं वजन एका जागी येतं, झोपल्यावर ते अंगभर वाटलं जातं. आम्ही दोघं सरळ चपला काढून झोपलो, पंधरा-पंधरा मिनिटं, घरून नेलेल्या उशा घेऊन. पहिल्या दुकानात लाज वाटली, तिसऱ्यात वाटेनाशी झाली.

कळलेलं :

‘ऑर्थो’ लिहिलेली गादी म्हणजे दुकानाच्या भाषेत कडक गादी, यापलीकडे त्या शब्दात काही नाही. दोन कंपन्यांच्या ‘ऑर्थो’ गाद्या, एकीवर माझा हात कमरेखालून आरपार, दुसरीवर अडला. हात सहज आरपार गेला तर गादी कडक, बोटंच शिरेनात तर मऊ, थोडं घासून शिरला तर बरोबर. ही उताण्या माणसाची परीक्षा.

काथ्याची गादी यांना आवडली. नारळाचा काथ्या रबरात बसवलेला, हवा खेळते, गार लागते. पण तिला मऊ थर नाही, माझ्या खांद्याला ती भुईच. मेमरी फोम अंगाच्या उबेनं मऊ होतो, पहिल्या पाच मिनिटांत फार सुखाचा वाटतो. पण तो ऊब धरून ठेवतो. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीवर जातो, आणि आमच्या खोलीत एसी नाही. स्प्रिंगमध्ये साध्या जोडलेल्या स्प्रिंगची गादी नको, हे कुशीवर वळले की मी हलते. प्रत्येक स्प्रिंगला वेगळी पिशवी असलेली गादी चांगली होती. तेवढे पैसे मात्र नव्हते.

आणि कुठल्याही एका गादीवर आम्ही दोघं एकदम ‘हं, हीच’ म्हणालो नाही. एकदाही नाही.

१० फेब्रुवारी

कापसाला एक संधी द्यायची. माहेरच्या गादीची आठवण आहे म्हणून असेल, पण मला ती द्यायचीच होती. ओळखीच्या गादीवाल्या चाचांकडे गेले. दहा किलो कापूस, ७५ बाय ३०, खोळीचं जाड कापड, गादीपाट, मी स्वतः निवडला, निळ्या पट्ट्यांचा. त्यांनी माझ्यादेखत यंत्रावर कापूस पिंजला, खोळीत थर नीट पसरला आणि लांब सुईनं टाके मारले. टाके मधल्या भागात जवळजवळ घ्यायला सांगितले, तिथं कापूस सरकू नये म्हणून.

मागच्या खोलीतल्या लोखंडी खाटेवर ती टाकली. एक आठवडा हे, एक आठवडा मी.

१६ फेब्रुवारी

खाटेबरोबर उशीचंही काम काढलं. हे खरं तर आधी करायला हवं होतं. मी इतकी वर्षं दोन चपट्या उशा एकावर एक घेत होते.

कुशीवर झोपणाऱ्याला उशी मान ते खांदा ही जागा भरून काढण्यापुरती हवी. माझं माप : मानेच्या कडेपासून खांद्याच्या टोकापर्यंत पाच इंच. कडक गादीवर खांदा जेमतेम अर्धा इंच रुततो, म्हणजे दाबल्यावर साडेचार इंच उरेल अशी उशी. सावरीचा कापूस आणला. सावर झाडावरची, तिचा धागा होत नाही पण उशीला तिच्यासारखं काही नाही, हलकी आणि गार. खोळीला एका बाजूनं चेन लावली, मूठ मूठ काढता-घालता यावा म्हणून. ही चेन पुढे फार कामाला येणार आहे असं मनात आलं.

यांना उताणं झोपायला तीन इंचांहून कमी. पोकळी फक्त मानेखाली असते, डोक्याखाली नाही. म्हणून उशीची पुढची कड थोडी जास्त भरली. शिवाय गुडघ्यांखाली एक लोड. गुडघे जरा वर उचलले की कमरेचा बाक सैल पडतो. मला कुशीवर असताना दोन गुडघ्यांच्या मध्ये एक पातळ उशी, वरचा पाय खाली पडून कंबर पिळू नये म्हणून.

२ मार्च

तीन आठवडे झाले. कापसाचा निकाल.

माझी मान ६ वरून ४. यातलं बरंचसं श्रेय उशीचं. यांची कंबर पहिल्या आठवड्यात ४ पर्यंत आली, नंतर परत ५. सुतळी लावली तर यांच्या नितंबांखाली गादी इंचभर बसलेली. चाचांना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, “ताई, कापूस दबणारच. उन्हात टाकायचा, उलटायचा, दोन वर्षांनी पिंजायचा. पूर्वी लोक करायचे.” खरं आहे. आमच्या आईनं दर माघात गाद्या गच्चीवर टाकलेल्या मला आठवतात. ८६ किलोच्या माणसाला मात्र तीन आठवड्यांत एक इंच परवडत नाही.

ती गादी आत्यांना दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःहून म्हणाल्या, “चांगलीय गं.” आत्यांचं एवढं म्हणणं पुष्कळ.

यांच्याशी बोलून ठरवलं : दोन गाद्या. पलंग ६० इंच रुंद, तर ७५ बाय ३० च्या दोन. उंची सारखी, पोट वेगळं. वर एकच चादर. आणि त्या मी शिवणार.

“तू शिवणार? गादी?” हे म्हणाले. गादीची खोळ म्हणजे मोठ्या तोंडाची पिशवी, चार कोपरे आणि एक लांब चेन. सोफ्याची कव्हरं मी दरवर्षी शिवते. अवघड आतलं आहे, शिवण नाही.

८ मार्च

आजचा दिवस सविस्तर लिहायचा आहे.

फोमच्या दुकानदाराला चार दिवस आधी सांगून ठेवलं होतं. भला माणूस. त्यानं दुपारी गोदाम उघडून दिलं आणि म्हणाला, हवे ते थर एकावर एक ठेवून झोपून बघा. लेकीला बरोबर नेलं होतं. मी मुद्दाम गडद निळा ब्लाऊज घालून गेले. लेकीनं टेलरच्या खडूनं माझ्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत मणक्यावर बोटानं चाचपून सहा ठिपके काढले. मी कुशीवर झोपायचं, तिनं मागं बसून बघायचं : ठिपके एका रेषेत येतात का. फोटोही काढायचा, म्हणजे मलाही दिसेल.

पहिला थर : नुसता चार इंची रिबॉन्डेड. फोमच्या कातरणाचे तुकडे चिकटवून, दाबून केलेला रंगीबेरंगी ठोकळा. ९० डेन्सिटीचा, जड आणि कडक. खांदा वर राहिला, ठिपक्यांची रेष कमरेशी खाली झुकली, झोपाळ्याच्या दोरीसारखी. भुईवरच्या रात्री आठवल्या.

दुसरा : पाच इंच नुसता ४० डेन्सिटीचा मऊ फोम. आता खांदा आणि नितंब दोन्ही आत गेले, पण नितंब जास्त. ठिपके कमरेखाली घसरले.

तिसरा : खाली तीन इंच ४० डेन्सिटीचा जरा टणक फोम, वर दोन इंच लॅटेक्स. लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकाचा, भोकाभोकांचा, हात दाबून काढला की लगेच वर येतो. मेमरी फोमसारखा धरून ठेवत नाही. मी कुशीवर वळले. खांदा इंचभर आत गेला, कंबर अडली. लेक म्हणाली, “आई, हलू नकोस.” फोटोत ठिपके टेपसारखे सरळ. मला तिथं गोदामात डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षांत पहिल्यांदा मान कुणीतरी धरली आहे असं वाटलं.

यांना तेच थर दिले, तर कमरेखाली बोटं शिरेनात. फार मऊ. मग यांना खाली तीन इंच रिबॉन्डेड, वर दोन इंच ४० डेन्सिटीचा नरम फोम. हात घासून शिरला. वीस मिनिटांनी बघितलं तर झोप लागलेली. दुकानदार म्हणाला, झोपू द्या वहिनी, गिऱ्हाईक नाहीये.

दोन्ही पाच इंच. म्हणजे मध्ये पायरी नाही.

चिकटवणं त्यांच्याकडेच करून घ्यायचं, पूर्ण नाही, फक्त कडेनं. पुढे वरचा थर बसला तर तेवढाच बदलता येईल. फोम, लॅटेक्स, कापड, चेन सगळं मिळून १४ हजार ७०० पर्यंत. कंपनीच्या ज्या एका गादीपाशी आम्ही फार वेळ रेंगाळलो होतो, ती २४ हजारांची होती आणि एकाच मापाची.

१६ मार्च

खोळी शिवल्या. आतली खोळ पातळ कोऱ्या मांजरपाटाची, बाहेरची गादीपाटाची, तीन बाजूंनी चेन, धुवायला निघावी म्हणून. कापड आधी पाण्यातून काढून वाळवलं. हे केलं नाही तर पहिल्या धुण्यात खोळ आटते आणि गादी कमानीसारखी वाकते. माप फोमपेक्षा पाव इंच कमी ठेवलं, सुरकुती राहायला नको. कोपऱ्यांना दुहेरी टीप.

प्रत्येक गादीला लांब बाजूंना दोन-दोन मजबूत पट्टे लावले, बॅगच्या पट्ट्याचं निवार घेऊन, चौकोनात फुलीची टीप मारून. ते कशाला, हे यांनी विचारलं. सांगितलं, जूनमध्ये कळेल.

लग्नसराईचे अकरा ब्लाऊज मागे राहिलेत.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली, मग गाद्या टाकल्या. लॅटेक्सला नव्या रबराचा वास होता, म्हणून आठवडाभर वरच्या खोलीत सावलीत उघड्या ठेवल्या होत्या. उन्हात ठेवायचा नाही तो, वाळून चुरा होतो.

६ एप्रिल

यांची कंबर : ४, ४, ३, ३, ४, ३, ३.

माझी मान : ३, ३, ४, ५, ५, ६, ५.

फार वाईट वाटलं. एवढं मोजून-मापून, आणि मान परत सहावर. दोन दिवस मला वाटत होतं लॅटेक्सच चुकला. काल रात्री लेकीला उठवलं आणि पुन्हा ठिपके काढायला लावले. पाठीचे ठिपके सरळ, पण मानेपाशी रेष वर वळलेली. गादी बरोबर होती, उशी चुकली होती! उशी मी कापसाच्या कडक गादीवर, अर्ध्या इंचाच्या हिशोबानं भरली होती. आता खांदा इंचभरापेक्षा जास्त आत जातो. म्हणजे उशी तेवढीच जास्त झाली आणि डोकं रात्रभर वर ढकललं जातंय. गोदामात नेलेली उशी जुनी, चपटी होती, तिथं हे दिसलं नाही.

चेन उघडून सावरीच्या तीन मुठी काढल्या. टेप लावला, दाबल्यावर पावणेचार इंच. आणखी अर्धी मूठ परत घातली.

गादी बदलली की उशी पुन्हा मोजायची, हे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं.

१३ एप्रिल

५, ४, ३, ३, २, २, २.

२७ एप्रिल

उकाडा सुरू झाला. गादी गरम लागत नाही, लॅटेक्सच्या भोकांमुळे आणि प्लायच्याही. यांची गादी मात्र पाठीला जरा तापते, म्हणून वर आत्यांनी शिवलेली सुती वाकळ टाकली. आत्या खूश.

मशीनचंही काम केलं. टेबलाच्या पायांखाली तीन इंचांचे लाकडी ठोकळे, दिवा डावीकडून जवळ आणला. आता सुई दिसायला मान कमी झुकते. दर अर्ध्या तासाला उठून हनुवटी मागे ओढायचा व्यायाम, दहा वेळा, मॅडमनी शिकवलेला. हे केलं नसतं तर एकटी गादी दिवसाचं कर्ज रात्री कुठवर फेडणार होती? यांना घराबाहेर तळ्यापर्यंत चालायला रोज वीस मिनिटं नेते. टेम्पोच्या सीटवर कमरेमागे टॉवेलची गुंडाळी दिलीय.

वाशीच्या फेरीनंतरचा यांचा आकडा अजूनही ४-५ येतो. तो गादीचा नाही, सातशे किलोमीटरच्या जाण्या-येण्याचा आहे.

१८ मे

दोन महिने व्हायला आले. सुतळी लावली : यांच्या बाजूला कुठेही पाव इंचापेक्षा जास्त नाही, माझ्याकडे काहीच नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला डोक्याची बाजू पायाकडे करतो. उलटता येत नाहीत, मऊ थर वरच राहायला हवा, म्हणून खोळीवर आतून ‘वर’ असं शिवून ठेवलंय.

शेजारच्या वहिनी बघायला आल्या आणि म्हणाल्या, मलाही अशीच करून दे. मी त्यांना आधी कुठल्या कुशीवर झोपता ते विचारलं आणि वजनकाट्यावर उभं केलं.

७ जून

मृगाचा पहिला पाऊस. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी चाळीस फूट, धोका पंचेचाळीस. आत्ता नदी तळाला आहे, तरी २०१९ आणि २०२१ नंतर आमच्या गल्लीत जूनमध्ये सगळेच आपापलं घर एकदा नजरेखालून घालतात.

मी आणि लेकीनं करून बघितलं. माझी गादी साधारण साडेदहा किलो, यांची तेरा-साडेतेरा. पट्ट्यांना धरून दोघींनी मिळून दोन्ही गाद्या जिन्यानं वरच्या खोलीत नेल्या, एकापाठोपाठ एक, कुणाला हाक न मारता. घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं.

मग परत खाली आणून पलंगावर टाकल्या.

आज : माझी मान २. यांची कंबर ३.